अरवली : उंचीचा नव्हे, सांध्याचा पर्वत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जयपूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत एक व्याख्यान दगडांविषयी असावे असे कार्यकारिणीला वाटले, याबद्दल मी तिचा आभारी आहे. या व्यासपीठाला संतवाङ्मयाची आणि नाट्यसंगीताची सवय. त्यावर भूविज्ञानाच्या निवृत्त अध्यापकाला उभे करणे म्हणजे थोडे धाडसच. शिवाय गौरव करावयाचा पन्नास वर्षांच्या कार्याचा, आणि वक्ता मात्र असा की ज्याच्याकडे कोटी वर्षांखालचे नाणेच चालत नाही! तरीही विषय मी मुद्दाम घराजवळचा निवडला आहे. आपल्या गच्च्यांवरून नाहरगडाची जी धार दिसते, ती तेथे कशी आली, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

येथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या तोंडून एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. 'इकडे डोंगर कुठे आहेत हो? ही सगळी टेकाडे.' बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी हरिश्चंद्रगडाचा कडा असतो, पावसात न्हालेला खंडाळ्याचा घाट असतो. मुलेही सुट्टीत आजोळी जाऊन आली की हेच म्हणू लागतात. या तक्रारीला एक सोपे उत्तर आहे. अबूवरील गुरुशिखराची उंची १७२२ मीटर, आपल्या कळसूबाईची १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखराहून हे 'टेकाड' ७६ मीटरांनी सरसच भरते. परंतु हा वाद मी जिंकण्यासाठी उकरून काढलेला नाही. उंची हे पर्वताचे खरे लक्षणच नव्हे, असे माझे म्हणणे आहे, आणि ते ऐकून घेण्याची आज निकड आहे. का, ते पुढे सांगेन.

प्रथम सह्याद्रीची गोष्ट संपवून टाकू. सह्याद्रीत थर दिसतात ते आडवे, पायऱ्यापायऱ्यांचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन:पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. पुढे पश्चिमेकडील भूमी तुटून दूर गेली, किनारा उघडा पडला, आणि त्या पठाराची कड पाऊसपाण्याने कोरली जाऊन आजचे कडे उभे राहिले. सह्याद्री भव्य आहे यात शंका नाही. पण शास्त्रीय अर्थाने तो पठाराचा काठ आहे. त्याच्या घडणीत दोन भूमी एकमेकींवर आदळलेल्या नाहीत, कोणताही समुद्र मिटलेला नाही. अरवलीच्या घडणीत हे घडलेले आहे, आणि तेही बहुधा दोनदा.

हा फरक पाहण्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज नाही. मुंबईहून जयपूरला येणारी आपली नेहमीची गाडी धरावी आणि सकाळी खिडकीपाशी बसावे. रतलाम-नागदा मागे पडेपर्यंत माळव्याची काळी जमीन सोबत असते. ती दख्खनच्या लाव्ह्याचीच माती. भवानी मंडीच्या आसपास तिचा अंमल सरतो. रामगंज मंडीला रुळांच्या कडेने फरशांच्या चवडी दिसू लागतात. आपल्या गावाकडच्या घरांत, शाळांत, इस्पितळांत जी हिरवट-करडी कोटा फरशी असते, तिचे हे माहेर. शंभर कोटी वर्षांहून जुन्या विंध्य समुद्राच्या तळाशी साचलेला हा चुनखडीचा गाळ. इतका जुना असूनही तो अजून वहीच्या पानांसारखा आडवा आहे, म्हणून तर त्याच्या सरळ फरशा निघतात. कोटा जाते, चंबळ जाते, लाखेरी जाते. आणि सवाई माधोपूरच्या सुमारास, रणथंभोरच्या परिसरात, गाडी एक अदृश्य सीमा ओलांडते. 'ग्रेट बाउंडरी फॉल्ट' या नावाने भूवैज्ञानिकांना ती परिचित आहे. हा एक प्रचंड प्रस्तरभंग असून चितोडच्या बाजूने बुंदीवरून तो येथवर येतो. त्याच्या पूर्वेला आडवे थर. त्याच्या पश्चिमेला कललेले, दुमडलेले, कोठे कोठे अगदी भिंतीसारखे उभे ठाकलेले. जयपुरात उतरून आमेरच्या रस्त्याला लागले की टेकड्यांच्या अंगावर हे तिरके पट्टे उघड्या डोळ्यांनी दिसतात. मूळचे ते समुद्रकाठचे वाळूचे थर आहेत. वाळू आडवीच साचते. तिला असे कोणी कलते केले?

या प्रश्नाचे उत्तर देणे शंभर वर्षांपूर्वी फार कठीण होते. आल्फ्रेड वेगेनर याने १९१२ साली खंडे सरकतात असे सांगितले तेव्हा त्याची बरीच चेष्टा झाली. १९६० नंतरच्या दशकात समुद्रतळाची पाहणी झाली आणि मग चित्र पालटले. पृथ्वीचे कवच काही मोठ्या पट्टांचे बनलेले असून ते पट्ट नखे वाढतात त्या बेताच्या गतीने, म्हणजे वर्षाला काही सेंटिमीटर, सरकत असतात. मध्यसागरी भेगांपाशी नवा समुद्रतळ तयार होतो. अन्यत्र जुना समुद्रतळ दुसऱ्या पट्टाखाली बुडतो. १९६६ साली कॅनडाच्या टूझो विल्सन यांनी आणखी पुढचा प्रश्न विचारला. आजच्या अटलांटिक महासागराच्या आधी तेथेच एखादा जुना महासागर होऊन मिटला तर नसेल? उत्तर 'होय' असे निघाले, आणि जुन्या पर्वतांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. जेथे झिजलेला, दुमडलेला पर्वतपट्टा दिसेल तेथे मिटलेल्या समुद्राची शिवण शोधावयाची, हा परिपाठ तेव्हापासून पडला.

समुद्र मिटतो म्हणजे नेमके काय होते? निवालेल्या दुधावरच्या सायीला बोटाने हलकेच पुढे लोटून पाहा. बोटापुढे सुरकुत्या पडतात, साय गोळा होऊन जाड होते, आणि खालचे दूध मात्र तसेच राहते. समुद्रतळ दुसऱ्या पट्टाखाली सरकू लागला की त्याच्यावरचा गाळ असाच खरवडला जाऊन काठाशी साचतो. जपानच्या दक्षिण भागातील पुष्कळशी भूमी अशा साचलेल्या गाळाची आहे. गाळाबरोबर समुद्रतळाचे तुकडेही येतात, समुद्रातील ज्वालामुखींच्या बेटांच्या रांगा येतात, कधी एखादा खंडाचा लहानसा तुकडा येतो. यांतले फारच थोडे पूर्णपणे बुडते. बाकीचे काठाला चिकटते. अलास्का आणि कॅनडाचा पश्चिम किनारा अशा दूरदूरहून येऊन चिकटलेल्या तुकड्यांनी बनला आहे. प्रत्येक तुकडा त्याच्या खडकांवरून आणि जीवाश्मांवरून ओळखू येतो. शेजाऱ्याशी तो पक्का शिवला गेलेला असतो, पण अंगची ठेवण मूळ गावचीच राहते. (आपण हसलात, माझ्या मनात मात्र केवळ खडकच होते.)

ही झाली भर पडण्याची रीत. शेवटचा अंक टकरीचा असतो. समुद्र संपतो आणि त्याच्यामागून खंड येते. खंडाचे खडक समुद्रतळाहून हलके. ते सहजी बुडत नाहीत. मग काठ एकमेकांत घुसतात, थर दुमडतात, एकावर एक चढतात, कवच दुपटीने जाड होते. याचे जिवंत उदाहरण आपल्याच देशात आहे. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा महासागर होता. तो मिटत असताना आधी लडाखची ज्वालामुखी बेटांची रांग आशियाच्या वाटेवर लागली, आणि सुमारे ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी स्वत: येऊन भिडली. आपल्यापैकी जे लेहला गेले असतील त्यांनी सिंधूच्या काठाने प्रवास केलाच असेल. सिंधू तेथे जवळजवळ त्या शिवणीतूनच वाहते. लेह शहर ज्या ग्रॅनाइटच्या पायथ्याशी वसले आहे, तो त्या बेटांच्या ज्वालामुखींच्या पोटात थिजलेला खडक होय. नदीच्या दक्षिणेला कोठे कोठे काळसर-हिरवे खडक दिसतात, ते टेथिसच्या तळाचे उरलेले तुकडे. एवरेस्टच्या माथ्यावर समुद्रातील चुनखडी आहे हे तर आता शाळेतील मुलेही सांगतात.

जाड झालेल्या कवचाचे पुढे काय होते, याचा शोधही भारतातच लागला, आणि तो एका हिशेबातील न जुळणाऱ्या आकड्यातून. गेल्याच्या मागच्या शतकात जॉर्ज एवरेस्ट यांच्या देखरेखीखाली देशाची त्रिकोणमितीय मोजणी चालू असता, सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन ठाण्यांमधील अंतर दोन रीतींनी काढण्यात आले. जमिनीवरची साखळी एक सांगे, तारे पाहून काढलेले अक्षांश दुसरे सांगत. फरक होता सव्वापाच सेकंदांचा, म्हणजे सुमारे १६० मीटरांचा. हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा आपल्याकडे ओढला असावा असा तर्क करून कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी गणित मांडले. त्यांचे उत्तर आले जवळजवळ सोळा सेकंद. हिमालयाने जेवढे ओढावयास हवे होते त्याच्या एक-तृतीयांशच ओढले होते! १८५५ साली जॉर्ज एअरी यांनी उलगडा सुचविला. पाण्यावर तरंगणारा ओंडका जितका वर अधिक तितकाच पाण्याखालीही अधिक. तसेच पर्वताला खाली हलक्या खडकाचे मूळ असते, आणि त्या मुळाने तेथील जड खडकाची जागा घेतल्यामुळे ओढ कमी भरते.

मला हा प्रसंग फार आवडतो. ओळंब्याची दोरी दोन केसांएवढी कमी कलली आणि पर्वतांना मुळे असतात हे कळले. यातूनच झीज झालेल्या पर्वताचेही कोडे सुटते. ओंडक्याचा वरचा भाग तासला तर तो पाण्यातून थोडा वर येतो. पर्वताचा माथा शंभर मीटर झिजला, तर काळाच्या ओघात मूळ ऐंशीहून अधिक मीटर वर उचलले जाते. म्हणून पर्वत लवकर सपाट होत नाही; तो आपल्या पोटातले खडक वर आणीत आणीत झिजतो. आणि शेवटी उंची जाते तेव्हा, ज्या गोष्टी एरवी पंचवीस-तीस किलोमीटर खोल कधीच दिसल्या नसत्या, त्या आपल्या पायांखाली आलेल्या असतात. हिमालयात आपण पर्वताचे छप्पर पाहतो. अरवलीत त्याचा पाया.

आता अरवलीकडे वळू. ही रांग गुजरातच्या सीमेपासून दिल्लीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर पसरली आहे. तिच्या खडकांचा क्रम लावण्याचे मोठे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेरॉन यांनी केले. मध्य राजपुतान्यावरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर या क्रमात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण पायवाट त्यांचीच. वय ठरविण्याचे साधन मात्र नंतरचे. झिर्कॉन नावाचे वाळूच्या कणाएवढे स्फटिक असतात. त्यांत युरेनियम कोंडलेले असते आणि ते ठरलेल्या गतीने शिशात रूपांतरित होत राहते. निम्मे व्हावयास ४४७ कोटी वर्षे. शिसे किती झाले हे मोजले की स्फटिकाचा जन्मकाळ मिळतो. असा कण अग्नीतून, पाण्यातून, टकरीतून जातो आणि तरीही आपली जन्मतिथी जपून ठेवतो.

मेवाडातील सर्वांत जुने पट्टिताश्म या रीतीने सुमारे ३३० कोटी वर्षांचे ठरतात. ही झाली मूळ भूमी. ती ताणली जाऊन तिच्यावर एक समुद्र पसरला. उदयपूरजवळ झामरकोटड्याला गेलात तर त्या समुद्राचा उथळ काठ हाताने चाचपता येईल. तेथे खडकात कोबीच्या गड्ड्यांसारखे, एकावर एक चढत गेलेले पापुद्रे दिसतात. सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्म जीवाणूंनी रचलेली ती घरटी होत. मासा नाही, शिंपला नाही, झाड नाही अशा जगातली. त्यांतच स्फुरद साठला आहे आणि आज त्याचे खत होते. जवळच जावर येथे त्याच समुद्राच्या गाळात जस्त आणि शिसे साठले. ते जस्त गाळण्याची कला आपल्या पूर्वजांना जगाच्या बऱ्याच आधी साधली होती. जुन्या मुशींच्या भिंती त्या गावात अजून उभ्या आहेत. येथून पश्चिमेकडे जावे तसतशी चुनखडी नाहीशी होते आणि केवळ बारीक चिखलाचे, आता चकचकीत झालेले खडक लागतात. तो खोल समुद्र. आणि उथळ व खोल यांच्या बरोबर सीमेवर, ऋषभदेव-केसरियाजीच्या परिसरात, हिरव्या सर्पेंटाइनची एक ओळ आहे. बाजारात 'हिरवा संगमरवर' म्हणून जी फरशी मिळते ती हीच. संगमरवर ती नव्हेच. पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणाच्या जातीचा तो खडक, पाणी पिऊन हिरवा झालेला. तो येथे पृष्ठभागावर कसा? मिटलेल्या समुद्राचा हा सांधा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. काही जण ते मानीत नाहीत. मला पहिल्यांचे मत अधिक पटते, कारण सीमेची जागा आणि खडकाची जात दोन्ही एकच साक्ष देतात. याच घडामोडींच्या उत्तरार्धात, सुमारे १७२ कोटी वर्षांपूर्वी, सांडमाता परिसरातील खडक पंचवीस-तीस किलोमीटर खोलीच्या दाबाखाली भाजून निघाले. आज त्यांच्यावरून शेळ्या चरत जातात.

पहिला समुद्र मिटला, भूमी पुन्हा ताणली गेली, आणि दुसरा समुद्र झाला. नाहरगड, आमेर, अलवर, दिल्लीची 'रिज' येथील क्वॉर्ट्झाइट या दुसऱ्या पर्वाच्या काठावरची वाळू. तिच्यात ठिकठिकाणी लाटांच्या खुणा राहिलेल्या आहेत. जुहूच्या चौपाटीवर ओहोटीनंतर दिसतात तशाच. भूमी ताणली जाते तेव्हा फटींतून वेगळ्या जातीचा, सोडियमयुक्त अग्निरस वर येतो. किशनगडचा नेफेलीन सायनाइट हा असा खडक आहे. तो जन्मला समुद्र उघडताना आणि चेपला गेला समुद्र मिटताना. २००३ साली केविन बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचविले की जगात जेथे जेथे या जातीचे चेपलेले खडक सापडतील तेथे तेथे जुना सांधा शोधावा. कारण फाटले त्याच शिवणीवर पुन्हा शिवले जाण्याकडे भूमीचा कल असतो.

दुसऱ्या समुद्राच्या मिटण्याचा पुरावा पश्चिमेकडील घाटात आहे. मारवाड जंक्शनहून खामलीघाटाकडे मीटर गेजवरून जी डोंगरी गाडी चढते, तिच्या वाटेवर फुलाद हे पायथ्याचे ठाणे लागते. पर्यटक तेथे दरी आणि धबधबे पाहतात, आणि पाहावेत. परंतु फुलादच्या पट्ट्यात जुन्या समुद्रतळाच्या जातीचे खडक, पाण्याखाली ओतल्यामुळे उशांच्या राशीसारखा थिजलेला लाव्हा, अशा खुणा भूवैज्ञानिकांनी नोंदल्या आहेत. त्याच्या आसपास सेंदड्याचा ग्रॅनाइट आहे, सुमारे शंभर कोटी वर्षांच्या घरातला. समुद्रतळ खाली बुडत असताना ज्वालामुखींच्या रांगेखाली जसा ग्रॅनाइट होतो त्या जातीचा. म्हणजे लडाखात जे घडले त्याचीच जुनी, झिजलेली प्रत.

माझ्या आवडीची जागा मात्र बर आहे. ब्यावरहून जोधपूरकडे जाताना हे लहानसे गाव लागते. तेथील पिंडाश्म राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित आहे. पिंडाश्म म्हणजे नदीतील गोट्यांचा घट्ट झालेला थर. नदीतला गोटा गोल असतो हे आपण जाणतो. बरचे गोटे लांबट आणि चपटे आहेत, सगळे एकाच दिशेला ताणलेले, कणकेचे गोळे लाटण्याखाली यावेत तसे. हे गोटे ठिसूळ दगडाचे आहेत, कणकेचे नव्हेत. ते फुटले नाहीत, लाटले गेले. त्यासाठी किती दाब, किती उष्णता आणि किती सावकाशपणा लागला असेल, याची कल्पना विद्यार्थ्यांना देताना मी फळा बाजूला ठेवीत असे आणि त्यांना तो खडक हाताने चाचपू देत असे. टक्कर या शब्दाने आपल्याला गाड्यांची टक्कर आठवते. पर्वतांची टक्कर कोट्यवधी वर्षे चालते, आणि तीत दगड लाटला जाण्याइतकी सवड असते.

जमिनीच्या पोटातही पाहून झाले आहे. १९९० नंतरच्या दशकात नागौर ते झालावाड अशा रेषेवर जमिनीत लहान स्फोट घडवून त्यांचे प्रतिध्वनी नोंदण्यात आले. जहाजपूरच्या पट्ट्याखालून एक तिरकी रेघ वायव्येकडे खोल उतरत जवळजवळ कवचाच्या तळापर्यंत गेलेली दिसली. वरचा पर्वत झिजला, पण थर ज्या पृष्ठावरून एकमेकांवर चढले होते ते पृष्ठ अद्याप जागेवर आहे. कोण कोणाखाली गेले, टकरी दोनच की अधिक, यांवर अजून वाद आहेत. त्यांत आपण शिरू नये. रात्र पुरणार नाही. टक्कर शमल्यावर ग्रॅनाइट वर आले, आणि ७५ ते ७७ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेला मालाणीचे ज्वालामुखी धडाडले. जोधपूरचा किल्ला त्या परिसरात उभा आहे. अबूचा ग्रॅनाइटही साधारण त्याच काळातला. म्हणजे ज्या गुरुशिखरावरून मी आरंभी कळसूबाईला हिणवले, तो या पर्वताच्या कहाणीत उशिरा आलेला पाहुणा आहे!

आता निकडीचा मुद्दा. अरवलीतील खाणींचा प्रश्न जुना आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे आले की राजस्थानात पाहणीसाठी निवडलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्या आहेत. शंभर कोटी वर्षांची झीज जे करू शकली नाही ते यंत्रांनी काही दशकांत केले. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात, सभोवतालच्या भूमीहून १०० मीटर किंवा अधिक उंच असेल तीच अरवलीची टेकडी, अशी व्याख्या न्यायालयाने मान्य केली. देशभर त्यावर गदारोळ झाला, आणि डिसेंबरच्या अखेरीस न्यायालयानेच तो आदेश स्थगित ठेवला. कायद्याचा मी जाणकार नाही. खाणीवर ज्यांची चूल पेटते त्या कुटुंबांचा प्रश्नही खरा आहे. आपल्या घरांतील फरशी आणि देव्हारे याच डोंगरांतून आले आहेत, हे विसरून बोलणे मला जमणार नाही. परंतु भूविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून एवढे सांगणे माझे कर्तव्य आहे की जुन्या पर्वताला उंचीची मोजपट्टी लावणे हे पर्वताचा अर्थच न कळल्याचे लक्षण आहे. त्या मोजपट्टीने बरचे गोटे बाहेर पडतील, हिरव्या सर्पेंटाइनची ओळ तुकड्यातुकड्यांनी गळेल, दिल्लीची रिज तर बहुतेक ठिकाणी मोजलीच जाणार नाही. शिवाय क्वॉर्ट्झाइट टणक पण भेगाळलेला असतो. पावसाचे पाणी त्या भेगांतूनच खाली मुरते, आणि त्यासाठी टेकडी शंभर मीटरांची असावी लागत नाही. तीस मीटरांची धारही ते काम करते. आपल्यापैकी ज्यांच्या वसाहतींत उन्हाळ्यात टँकर येतो त्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा. अरवलीची व्याख्या करावयाचीच असेल तर ती तिच्या खडकांनी आणि सांध्यांनी करावी. नकाशे तयार आहेत. हेरॉन यांच्या काळापासून ते होत आले आहेत.

एक गोष्ट सांगून थांबतो. दिल्लीच्या उत्तरेला वजिराबादपाशी रिज यमुनेच्या काठी संपते, असे आपल्याला दिसते. प्रत्यक्षात तो पट्टा संपत नाही, गंगा-यमुनेच्या गाळाखाली बुडी मारतो आणि हरिद्वारच्या दिशेने पुढे जातो; वर उसाची शेते आहेत म्हणून दिसत नाही इतकेच. भारताचा पट्ट अद्याप उत्तरेकडे सरकतोच आहे. तेव्हा अरवलीचे हे उत्तरेकडील टोक, जे दोनदा टकरींतून गेले, ते आता तिसऱ्या टकरीत हिमालयाच्या पायथ्याखाली शिरत आहे, वर्षाला दीड ते दोन सेंटिमीटर या गतीने.